धक्का प्राप्त होऊन

“वाचून दाखवा,” ती बाई म्हणाली, आणि चष्मा पुसता पुसता नानांचा हात थांबला.

एकतीस वर्षांत त्यांच्या या खोलीत कुणी तसे म्हटले नव्हते. वकील येत, वकिलांचे कारकून येत, मराठी कागद ठेवून जात आणि इंग्रजी कागद उचलून नेत. नेताना पाने पुरी आहेत की नाहीत एवढे पाहत, ओळी कुणी पाहत नसे. नानांना त्याचे वैषम्य उरले नव्हते. आपले इंग्रजी वाचून त्याची चव घेईल असा माणूस हिंगोलीत नाही, हे त्यांनी फार वर्षांपूर्वी ठरवून टाकले होते, आणि एकदा ठरवलेली गोष्ट पुन्हा तपासून पाहण्याची त्यांना सवय नव्हती. गल्लीत समोरच स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा फलक होता. त्यावर तीन चुका होत्या. खोलीचे कुलूप काढण्याआधी नाना रोज त्या तिन्ही चुकांकडे एकेकदा पाहून घेत, देवळावरून जाणारा माणूस कळसाकडे पाहतो तसे. त्याने दिवसाला धार येई. मग ते आत जाऊन बसत आणि इतरांच्या ओबडधोबड मराठीचे, म्हणजे फिर्यादींचे, पंचनाम्यांचे, साक्षींचे, असे काही इंग्रजी करीत की स्वतःच्याच वाक्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवताना त्यांना घशाशी गोड लागे.

“काय वाचून दाखवू?” त्यांनी विचारले.

“माझी साक्ष. तुमी इंग्रजी केली ती.”

“तुम्हाला इंग्रजी कळतं?”

“कळत असतं तर तुमच्यापाशी काहून आले असते? मराठीत वाचा. इथल्या कोर्टात वाचून दावलती. साहेब म्हनले, बाई, बराबर हाय का. मी म्हनलं, बराबर हाय. मंग अंगठा घेतला. ह्या इंग्रजीवर माझा अंगठाच न्हाई.”

कोपऱ्यात संगणकापाशी बसलेल्या शितलने मान वळवली. ती नानांचा मजकूर टंकून देई. मजकूर हाताने लिहायचा आणि मग तो यंत्रात जायचा, हा नानांचा नियम होता. “मावशी, बसा ना,” ती म्हणाली. “नाना, ह्या रुक्माबाई, हट्ट्याच्या. सकाळी स्वानंद वकिलांचा कॉल आला होता बघा, तीच मॅटर.”

तीच मॅटर. नानांनी डोळे मिटून घेतले. सकाळच्या फोनपासून त्यांच्या कानात तो आवाज किरकिरत होता. स्वानंद हा तिशीतला, उत्साही, भाषेच्या बाबतीत संपूर्ण निरक्षर असा वकील. चार वर्षांपूर्वी हट्ट्याच्या शिवारात हळद शिजवण्याच्या कामावर संतराम नावाच्या मुकादमाने या बाईला उकळत्या कढईवर ढकलले होते, तिचा डावा हात कोपरापासून खाली भाजून निघाला होता, आणि खालच्या न्यायालयाने तिच्या साक्षीवर संतरामला शिक्षा दिली होती. तो अपिलात गेला. खंडपीठापुढे कागद इंग्रजीत लागतात, म्हणून स्वानंदने तिची साक्ष नानांकडून इंग्रजी करून घेतली आणि वर पाठवली. पंधरा दिवसांपूर्वी तिथल्या न्यायमूर्तींनी ते इंग्रजी वाचून विचारले होते, की या बाईला अपीलकर्त्याने ढकलले असे ती म्हणते कुठे? तिथल्या वकिलाने पाने चाळली, आणि त्याला ते दाखवता आले नव्हते. निकाल लागेपर्यंत संतरामला जामीन मिळाला. “नाना, मायनर मिस्टेक आहे,” स्वानंद सांगत होता, “गुरुवारी परत तारीख आहे, दुरुस्त ट्रान्सलेशन आणि तुमचं एक ॲफिडेव्हिट लावून देऊ, फिनिश.” त्यावर नानांनी शांतपणे उत्तर दिले होते, की भाषांतरात चूक नाही, वाचणाऱ्यात आहे. मूळ मजकुराचा आशय त्यात संपूर्ण आलेला असून, गद्याची थोडीफार जाण असलेल्या वाचकास तो सहज लागावा. मग स्वानंद म्हणाला होता, “नाना, तो माणूस सुटून गावात आलाय.” आणि नानांनी फोन ठेवून दिला होता, कारण त्या वाक्याचा भाषांतराशी काही संबंध नव्हता.

रुक्माबाई बसली नव्हती. पदराखालून तिचा डावा हात निघाला होता, आणि त्यावरची कातडी चकचकीत, ताणलेली, एखाद्या दुसऱ्याच वस्तूची असावी तशी होती. नानांनी तिकडे पाहिले आणि ते पाहणे ताबडतोब मागे घेतले. त्यांना अशा साक्षीपुराव्याचा तिटकारा होता. त्यांच्यापर्यंत माणसे नेहमी कागदावरून यावीत, वाळून, घडी होऊन. अंगाचा वास घेऊन नव्हे. त्यांनी कपाटातून स्थळप्रत काढली. हिला वाचून दाखवायला काही हरकत नव्हती, उलट एक प्रकारचा न्यायच होता: आपल्या चार ओळींचे काय सोने झाले ते या बाईला एकदा ऐकू येईल. कळणार नाहीच. पण ऐकू येईल.

गोरेगावच्या शाळेत असताना अमृतराव मास्तरांनी एकदा फळ्यावर ‘वॉटर’ हा शब्द लिहिला होता, तो दिवस नानांना अजून अंगावर आठवे. वॉटर म्हणजे पाणी, हे सगळ्यांना येत होते. मग मास्तरांनी सांगितले की हाच शब्द, कपडे न बदलता, कानामात्रा न बदलता, झाडाला पाणी घालू लागतो. वर्ग हसला. लहान नाना मात्र हसला नाही, तो घाबरला. त्याच्या घरी, देवळाच्या पूजेअर्चेच्या घरी, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. सोवळ्याचे तांब्या-पळी वेगळे, ओवळ्याची बादली वेगळी. कोण ओट्यावर बसेल आणि कोण अंगणात उभा राहील, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असे. आणि मराठी पाणीही तसेच शहाणे होते, आपल्या जागी राहत होते. त्याला काही करायचे झाले तर ‘घालणे’, ‘देणे’ असा एखादा गडी त्याच्या जोडीला द्यावा लागे. इंग्रजी पाणी मात्र बसल्या जागेवरून उठून आपणच कामाला लागत होते. मग हात उठला, खांदा उठला, डोळा उठला, दगड उठला. मास्तर एकेक शब्द सांगत गेले आणि नानाला वाटले, घरातली सगळी भांडीकुंडी अशीच उठून चालू लागली तर? त्याला त्या रात्री ताप आला होता. पुढे काही दिवसांनी, एकट्यानेच, त्याने उलट वाट शोधून काढली आणि त्याचा जीव थाऱ्यावर आला. बसलेला शब्द उठू शकतो, तसा राबणारा शब्द आत आणून बसवताही येतो. चालणे, पडणे, रडणे, ढकलणे. हा प्रत्येक शब्द इंग्रजीत तसाच्या तसा, फक्त एक लहानसा ‘अ’ पुढे लावला, अ वॉक, अ पुश, की गादीवर बसतो. मग त्याला काळ राहत नाही, घाम राहत नाही. त्याला ‘कोणी’ असे विचारता येत नाही. तो एक वस्तू होतो. नानांचे सगळे गद्य या एका शोधावर उभे होते. क्रियापद म्हणजे राबणारे माणूस, नाम म्हणजे बसलेले माणूस. आणि भारदस्त गद्यात, यावर नाना इतकी वर्षे कोणाशीही वाद घालायला तयार असत, पण वाद घालायच्या लायकीचा कुणी भेटला नव्हता, भारदस्त गद्यात बसलेल्यांची संख्या जास्त असावी लागते.

आणि इथले लोक! यांनी इंग्रजी क्रियापदाचे काय केले होते! मराठीच्या उंबऱ्यावर त्याचे हातपाय बांधायचे, त्याला गठ्ठा करून आत ओढायचे आणि मागे ‘करणे’ नाहीतर ‘मारणे’ लावून द्यायचे: कन्फर्म करते, डिलीट मारते, ॲडजस्ट करून राहिलो. शितल दिवसाकाठी असे पन्नास गठ्ठे ओढी. क्रियेचे नाम करण्याची जी विद्या नानांनी तपासारखी सांभाळली, तिचीच ही विटंबना सगळा जिल्हा बसस्टँडवर उभा राहून करीत होता, आणि त्याला वाटत होते की आपण इंग्रजी बोलतो.

“वाचू?” नाना म्हणाले. “ऐका. ‘घटनेच्या समयी संतराम या इसमाची तेथे उपस्थिती होती.’”

“मंग?”

“‘कामाच्या गतीविषयी वादाची उत्पत्ती होऊन, दोन्ही हातांचा धक्का प्राप्त होऊन, साक्षीदाराच्या डाव्या बाहूचा उकळत्या जलाशी संपर्क घडून आला.’”

रुक्माबाई वाट पाहत राहिली. तिला वाटले असावे की पुढे अजून आहे. नानांनी कागद खाली ठेवला, तेव्हा तिने शितलकडे पाहिले, मग नानांकडे.

“ढकललं कोनी?”

“ते आलं आहे त्यात. उपस्थिती आहे, धक्का आहे.”

“उपस्थिती हाय. मंग ढकललं कोनी, उपस्थितीनं?”

शितलच्या तोंडून हसू फुटले, आणि तिने ते खोकल्यात लपवले. नानांचे कान तापले. ते म्हणाले, “हे पाहा बाई, इंग्रजी ही निराळी भाषा आहे. तिची काही एक रीत असते. तुम्ही म्हणालात ते सगळं जसंच्या तसं लिहिलं तर ते—”

“मी काय म्हनले होते, ते सांगा. ते बी लिवलेलं असंल ना तुमच्यापाशी.”

मूळ मराठी साक्षीची प्रत त्याच फायलीत टाचलेली होती. ती वाचायची त्यांना गरज नव्हती. तरी त्यांनी वाचली, कारण बाई टेबलाशी आली होती आणि तिचा तो हात टेबलाच्या काठावर ठेवला गेला होता. “‘मी म्हनले, लेकरू आजारी हाय, मला घरी जाऊ द्या. संतराम मुकादमानं मला दोनी हातानं ढकललं. माझा हात कढईत गेला.’”

“हां,” ती म्हणाली. “बराबर हाय.”

नानांना एक विचित्र गोष्ट जाणवली: ते वाक्य त्यांच्या आवाजात उच्चारले जाताना त्यांच्या स्वतःच्या तळहातांत काहीतरी झाले होते, ढकलण्याच्या वेळी होते तसे. संतराम मुकादमानं मला दोनी हातानं ढकललं. पाच-सहा शब्दांत एक माणूस दुसऱ्या माणसाच्या अंगावर येतो. तिसरीच्या पुस्तकातले वाक्य. ही पुशड् मी. पोरे ओरडून म्हणतात तसले. ते कागदावर उतरवताना त्यांना सात महिन्यांपूर्वी जी शिसारी आली होती, ती त्यांना आता नीट आठवली. घाईत काही सुटले नव्हते. त्यांनी आधी अगदी तसेच, सरळ लिहिले होते, मग त्याकडे पाहिले होते, मग ‘पुश’ या शब्दाला अंगणातून हाताला धरून आत आणले होते आणि गादीवर बसवले होते. एकच शब्द, दोन्हीकडे चालणारा. इंग्रजीची केवढी सोय. शब्द आत आला. ढकलणारा बाहेर राहिला. बाहेरून तो निघून गेला असावा, त्या वेळी नानांनी पाहिले नव्हते. ते वाक्याचा तोल पाहत होते.

‘अंतर पडले आहे.’ हे वाक्य कुठून आले, त्यांना क्षणभर कळले नाही. मग कळले. पुण्याला मुलाकडे, पुष्करकडे, त्यांची पत्नी नीलांबरी गेली त्याला तीन वर्षे होत आली, आणि कुणी विचारले की नाना म्हणत, प्रकृतीच्या कारणाने तिचे वास्तव्य तिकडे असते. अगदीच जवळच्याने विचारले तर म्हणत, थोडे अंतर पडले आहे. अंतर पडते. पाऊस पडतो, तसे. जाण्याच्या थोडे आधी नीलांबरीने तिच्या बहिणीच्या यजमानांना, बहीण गेल्यानंतर, एक पत्र लिहिले होते. ते टपालात टाकायला तिने नानांकडे दिले आणि नानांनी ते उघडून वाचले, त्यातले ‘ती गेली हे मला अजून खरं वाटत नाही, मी रोज तिला फोन लावते’ हे वाक्य त्यांनी लाल शाईने ‘तिच्या निधनाची वार्ता मनास अद्याप अविश्वसनीय भासते’ असे केले, आणि पत्र पुन्हा लिहून काढायला परत दिले. तिने ते लिहून काढले नाही. तिने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. “तुम्हाला माझं एकही वाक्य माझं राहिलेलं चालत नाही,” एवढेच ती म्हणाली, आणि त्या वाक्यातही नानांना तेव्हा, तिच्या समोर उभे असताना, दोनदा आलेले ‘माझं’ खटकले होते, हे त्यांना आता आठवले आणि आठवू नये असे वाटले.

“तो माझ्या दारावरून जातो,” रुक्माबाई बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. “रोज. काई म्हनत न्हाई. खाकरतो निसता. सुनेला कामावर धाडायचं बंद केलं मी. वकील म्हनतो, मावशी, तुमी इंग्रजीत म्हनलाच न्हाईत की त्यानं ढकललं. मी म्हनलं, आरं, मी तर दुसरं काई म्हनलेच न्हाई! तेवढंच तर म्हनले!”

“शितल,” नाना म्हणाले, “ते पान उघड. एकतिसावी ओळ.”

त्यांनी उभे राहून सांगितले आणि शितलने टंकले. त्यांनी हाताने लिहिले नाही. त्या वाक्याला आपली लेखणी लावावी असे त्यांना वाटेना. संतराम मुकादम पुशड् मी विथ बोथ हँड्स. वाक्य पडद्यावर उमटले, बुटके, उघडे, कुठेही बसायला तयार नसलेले. शितलने ते आपणच मराठीत उलटवून रुक्माबाईला ऐकवले, आणि रुक्माबाईने मान हलवली. नानांना वाटले की झाले, आता ही जाईल.

पण शपथपत्र राहिले होते. शितलने फोन लावून नानांच्या हातात दिला. “नाना, बेस्ट!” स्वानंद म्हणाला. “आता ॲफिडेव्हिट छोटंसंच घ्या. ‘नजरचुकीने’ टाका. नजरचुकीने भाषांतरात त्रुटी राहून गेली. सगळे तेच टाकतात, कोणी विचारत नाही. पुढचं मी बघून घेतो.”

नजरचुकीने. नानांनी हा शब्द आयुष्यात हजारदा इंग्रजी केला होता. सातबाऱ्यावरचे नाव नजरचुकीने गळते, मोजणीचा दगड नजरचुकीने सरकतो, बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर मुलाचे नाव नजरचुकीने चढते. या जिल्ह्यात माणसे काही करीत नाहीत, असे या कागदांवरून वाटे, सगळे त्यांच्याकडून राहून जाते. नानांनी पडद्यासमोर शितलला सांगितले, आणि तिने लिहिले: सदर भाषांतरात नजरचुकीने त्रुटी राहून गेली आहे. आधी मराठी, मग त्याखाली इंग्रजी. वाक्य सुबक होते. त्रुटी होती, नजर होती, चूक होती. उपस्थिती सगळ्यांची होती.

“हे बी वाचून दाखवा,” रुक्माबाई म्हणाली.

नानांनी वाचले. मनाशी ते तयार होऊन बसले होते. ही आता विचारणार, कोनी. विचारले की काय सांगायचे, याची त्यांनी जुळवाजुळवही केली होती. पण ती काही विचारत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. तिने दीर्घ श्वास सोडला, आणि पहिल्यांदाच ती खुर्चीवर टेकली.

“असू द्या, नाना,” ती म्हणाली. तिने ते नाव शितलकडून उचलले होते. “चुकून झालं तुमच्याकून. मानूसच हाय. वय झालं, नजर कमी होती. माझ्या भावाला बी आसंच, मोतीबिंदू झालता, तांदळातले खडे दिसंनात. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

शितल म्हणाली, “व्हय मावशी, किती काम असतं त्यांच्याकडं.”

नाना त्या बाईकडे पाहत राहिले. आयुष्यात त्यांना अनेकांचा राग आला होता, पण तो वरून खाली वाहणारा, थंड आणि सुखाचा राग असे. हा निराळा होता. ही हळदीच्या कढईवरची मजूर बाई, जिला आपल्या तोंडचे वाक्य कागदावर कुठे आहे ते दाखवता येत नाही, ती त्यांना माफ करीत होती! आणि कशाबद्दल? डोळे अधू झाल्याबद्दल. तांदळातले खडे न दिसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसवून. एकतीस वर्षांत नानांची नजर एका स्वल्पविरामावरून घसरली नव्हती. हा स्वल्पविराम इथे का, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले असते तरी त्यांनी सांगितले असते. आणि आता त्यांच्या सहीने, त्यांच्या नावाने, खंडपीठापुढे असे जाणार होते की नानांना दिसले नाही. त्यांच्याकडून राहून गेले. पाऊस पडला. अंतर पडले. समोरच्या फलकावरच्या तिन्ही चुका ज्याच्याकडून राहून गेल्या तो माणूस आणि नाना, दोघेही आता एकाच वाक्यात बसू शकत होते.

“खोड ते,” ते म्हणाले.

“काय, नाना?”

“नजरचुकीने. खोड. आणि त्रुटी राहून गेली, तेही.”

“पण स्वानंद सर म्हणाले की—”

“स्वानंदला चूक करायलासुद्धा येत नाही. लिही. ‘मी’.” ते थांबले. त्यांना जाणवले की हा शब्द आपण व्यवसायात कधी वापरला नाही. अनुवादकाला तो नसतो. “मी हे वाक्य बदलले. साक्षीदाराने ‘संतराम मुकादमाने मला दोन्ही हातांनी ढकलले’ असे स्पष्ट सांगितले होते. मला ते स्पष्ट दिसत होते व समजत होते. मी ते आधी तसेच लिहिले, नंतर खोडले, आणि कोणी ढकलले हे ज्यात उरणार नाही असे वाक्य मी जाणूनबुजून रचले, कारण तिचे वाक्य मला ओबडधोबड वाटले. माझ्या नजरेत कोणताही दोष नाही.”

शितलची बोटे मधेच थांबली होती. “नाना, असं लिहिलं तर पुढं कोणी काम देईल का आपल्याला? जाणूनबुजून म्हटल्यावर लफडं होईल हो. तुमच्यावरच येईल.”

“माझ्यावरच यायला हवं. दुसरं कोण होतं तिथे?”

फोनवर स्वानंद अजून होता. शितलने तो बंद केला नव्हता. “नाना, ऐका, ऐका,” बारीक आवाज येत होता, “एवढं कन्फेशन कशाला मारताय? सिंपल ठेवा!” नानांनी फोन उलटा ठेवला. कन्फेशन मारणे. या माणसाच्या हाती गुरुवारी ते कागद जाणार होते, आणि तो ते वाचणार नव्हता. पण वर कुणीतरी वाचणार होते, तिथे ‘ढकलले कोणी’ हे विचारणारा एक तरी वाचक होता. नानांना त्या अनोळखी न्यायमूर्तींबद्दल, स्वतःला न आवडणारा, आदर वाटला.

कागद छापून आला. नानांनी तो उभे राहून, शब्द न शब्द, रुक्माबाईला वाचून दाखवला. ‘ओबडधोबड’ला ते अडखळले नाहीत. ती ऐकत होती. ‘जाणूनबुजून’ आले तेव्हा तिने मान वर केली, आणि मग ती खुर्चीवरून उठली.

“तुमाला दिसत होतं?” तिने विचारले.

“हो.”

“त्यानं ढकललं, हे लिवलेलं दिसत होतं. अन् तुमी काढून टाकलं.”

“हो. मी काढलं.”

“ओबडधोबड हाय म्हनून.”

“हो.”

ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, माणूस ओळखून ठेवायचा असावा तशी. कोर्टात, साहेबांनी आरोपी ओळखायला सांगितल्यावर, तिने संतरामकडे असेच पाहिले असेल, असे नानांच्या मनात आले. चेहऱ्यावर मघाशी जे सैल झाले होते ते पुन्हा एकेक करून आवळले गेले, आणि माफी, जी तिने उदारपणे टेबलावर ठेवली होती, ती तिने परत घेतली. भाजलेला हात तिने पदराखाली नेला आणि दुसऱ्या हाताने पिशवी उचलली.

“बराबर हाय,” रुक्माबाई म्हणाली. “आता बराबर हाय. करा सही.”

नानांनी सही केली. दारातून बाहेर पडताना ती ‘येते’ म्हणाली नाही, आणि नानाही ‘या’ म्हणाले नाहीत.